उभं राहण्याचं कसब

"बदलापूर आहे. जाऊ द्या," असं म्हणून मिस्त्रींनी हात थांबवला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक कार्बोरेटरच्या खाचेत तसंच राहिलं. भिंतीपलीकडून लोकल खडखडत गेली, गॅरेजच्या पत्र्याला थरथर सुटली, फळीवरच्या डब्यातले नट-बोल्ट किणकिणले. आवाज अंबरनाथच्या दिशेने विरला तेव्हा मिस्त्रींनी मान किंचित कलती केली आणि स्क्रू एक केसभर फिरवला.

विठ्ठलवाडीत जुन्या गाडीचं इंजिन ऐकायचं तर दोन गाड्यांच्या मधली शांतता पकडावी लागते. मध्य रेल्वेची कल्याण-कर्जत लाइन, त्यावरून लोकल, मालगाड्या आणि पुण्याकडच्या एक्सप्रेस. एका बाजूला कल्याण पूर्वेचा पुना लिंक रोड, पलीकडे उल्हासनगरचे कॅम्प. एसटीचा डेपोही इथलाच. एवढ्या गोंगाटात एक माणूस कानाने इंजिन लावतो, ही गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर मी हसलो असतो.

माझी गाडी म्हणजे वडिलांची प्रीमियर पद्मिनी. तिचं दुखणं एका वाक्याचं होतं: चालताना ठीक, थांबली की बंद. गॅरेजच्या बोलीत, 'स्लो धरत नाही'. कल्याण पश्चिमेहून पूर्वेला येताना माझ्या वाटेत पत्रीपूल लागतो. इंग्रजांच्या काळातला जुना पूल २०१८च्या नोव्हेंबरात पाडला, नवा २०२१च्या जानेवारीत सुरू झाला, कोंडी मात्र दोन्ही पुलांना पुरून उरली. त्या कोंडीत क्लच दाबून गाडी उभी केली की इंजिन दोन आचके द्यायचं आणि गप्प व्हायचं. मागचे रिक्षावाले मग माझ्या वडिलांचाही उद्धार करत.

उभ्या गाडीचं इंजिन चालू राहणं ही फार किरकोळ बाब वाटते. खरं तर इंजिनाची सगळ्यात अवघड वेळ तीच. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर ते गुरगुरत उभं असतं तेव्हाही मिनिटाला १६०० ठिणग्या पडत असतात, म्हणजे सेकंदाला सव्वीस-सत्तावीस. पत्रीपुलावर वीस मिनिटं अडकलात तर सोळा हजार फेऱ्या होतात आणि गाडी जागची हलत नाही. धावत्या गाडीत एखादी ठिणगी चुकली तर बाकीच्या तिला सांभाळून नेतात, चाकांचा आणि गाडीच्या वजनाचा रेटा मदतीला असतो. उभ्या गाडीत तसा आधार कोणाचा नाही. थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली, हवा आत यायला सुईएवढी फट, पेट्रोल थेंबाच्याही अंशाने. अशा उपासमारीत चौघांनी सारखा श्वास घ्यायचा असतो. कुठे जरा ढिलाई असेल तर ती इथे उघडी पडते. विठ्ठल हा उभं राहण्याचाच देव. त्याच्या नावाच्या वाडीत हे शिकायला मिळालं, एवढाच योगायोग.

*

इथे येण्याआधी मी गाडी दुसऱ्या एका गॅरेजात नेली होती. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण तिथे केलं ते शंभरातल्या नव्वद ठिकाणी करतात. पोऱ्याने बॉनेट उघडलं, 'रेसचा' स्क्रू दोन फेरे आत घातला, मिक्श्चरचा स्क्रू बाहेर सोडला आणि शंभर रुपये घेतले. दहा मिनिटांत गाडी बरी झाली. म्हणजे ती बंद पडेना. पण सिग्नलला तिचा आवाज असा, की कोणी तरी पायच देतंय. गियर टाकताना खट्ट व्हायचं. पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत उतरायला लागला. आणि कहर म्हणजे किल्ली बंद करून मी खाली उतरलो तरी इंजिन खोकत, धडपडत आणखी चार-पाच फेऱ्या मारायचं. तापलेल्या सिलिंडरात ठिणगीशिवायच पेट्रोल पेट घेतं, त्याचा हा प्रकार. उभ्याचा वेग जास्त ठेवला की हे हटकून होतं. सोसायटीतली पोरं टाळ्या वाजवायची.

विठ्ठलवाडीच्या मिस्त्रींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं काम काय केलं, तर ते दोन्ही स्क्रू पुन्हा मूळ जागी आणले. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवला, मग दीड फेरा बाहेर. जोर करून आवळला तर त्याच्या टोकाला वळ पडतो आणि मग तो स्क्रू कायमचा वाया जातो, हे सांगताना त्यांचा आवाज आजारी मुलाबद्दल बोलावं तसा झाला. रेसचा स्क्रू मागे घेतला. गाडी लगेच बंद पडली.

"आता आजार दिसला," ते म्हणाले. "तुम्ही आणली तेव्हा झाकलेला होता."

साठीच्या पुढचे गृहस्थ. हात कोपरापर्यंत काळे, चष्म्याला दोरी. त्यांनी काम शिकलं ते उल्हासनगरच्या एका सिंधी उस्तादाकडे. त्यामुळे बोलणं मराठी, मोजमाप हिंदी आणि शिव्या सिंधी. या पट्ट्याचा हा स्वभावच आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची कल्याण छावणी होती. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधी निर्वासित आले, १९४९मध्ये वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं, आणि ज्याचा सुटा भाग मिळत नाही तो घडवून देण्याची विद्या इथल्या गाळ्या-गाळ्यांत वाढली. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सगळ्या महाराष्ट्राने करून झाला. पण जुनी गाडी बाळगणाऱ्याला विचारा, तो हसणार नाही.

*

आता तपासणी. ही सविस्तर सांगतो, कारण इथेच मला कळलं की मिस्त्री स्क्रूला सगळ्यात शेवटी हात का लावतात.

"कारबेटरचं नाव बदनाम, काम डेल्कोचं," हे त्यांचं पहिलं वाक्य. डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर. मूळ अमेरिकन कंपनीचं नाव, आपल्या गॅरेजांनी त्या वस्तूलाच बहाल केलेलं. आधी वीज बघायची, मग पेट्रोल, हा क्रम. वीज कमजोर असेल तर पेट्रोल कितीही नीट सोडा, इंजिन अडखळणारच. शिवाय पॉइंटमधली फट बदलली की टायमिंग बदलतं, टायमिंग बदललं की उभ्याचा वेग बदलतो. म्हणजे आधी कार्बोरेटर लावून मग पॉइंट साफ केले तर कार्बोरेटर पुन्हा लावावा लागतो.

इंजिन चालू ठेवून त्यांनी जाड रबराच्या मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढली. एक काढली, इंजिन दचकलं. दुसरी काढली, तेवढंच दचकलं. तिसरी, चौथी, तसंच. याचा अर्थ चारही सिलिंडर सारखं काम करत होते. एखादी वायर काढूनही आवाजात फरक पडला नसता तर तो सिलिंडर आधीच मेलेला, मग प्लग, वाल्व, कॉम्प्रेशन अशी वाट धरायची. आमचा आजार चौघांचा सामायिक होता.

मग प्लग काढले. टोकाला बिस्किटासारखा तपकिरी रंग. मी खूश झालो. मिस्त्री झाले नाहीत. प्लगचा रंग मुख्यतः धावत्या गाडीचा हिशेब सांगतो, उभ्या गाडीचा नाही. म्हणजे रस्त्यावर पेट्रोल-हवेचं प्रमाण बरोबर आहे, मेन जेट निर्दोष. चूक आहे ती फक्त थ्रॉटल मिटल्यावर.

डेल्कोचं झाकण उघडलं. पॉइंटच्या एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेंगूळ. गाडी चौथ्या गियरमध्ये टाकून मिस्त्रींच्या पोऱ्याने मागून हळूहळू ढकलली, कॅमचा उंचवटा बरोबर पॉइंटखाली आला तेव्हा मिस्त्री ओरडले, "बस!" मग फिलरची पट्टी घालून पाहिली. जेमतेम अर्धी फट उरली होती. घासलेले पॉइंट असे मिटत जातात, ठिणगी उशिरा पडायला लागते आणि इंजिन उभ्याने सुस्तावतं. पॉइंट नवे घातले, फट साधारण ०.४ मिलिमीटर केली, टायमिंग जुळवलं. टॅपेट गाडी गार असताना आधीच पाहून ठेवले होते, ते ठीक होते.

गाडी सुरू केली. निम्मा आजार गेला. दोन-तीन मिनिटं ती उभी राहायची आणि पूर्ण तापली की पुन्हा डगमगायची.

यानंतरची युक्ती मला फार आवडली. मिस्त्रींनी मला डॅशबोर्डखालचा चोक अगदी थोडा ओढायला सांगितलं. तापलेल्या इंजिनाला चोक द्यायचा नसतो, पेट्रोल वाढून ते गुदमरतं. आमचं इंजिन गुदमरलं नाही, उलट सुधारलं! चोक ओढल्यावर तापलेली गाडी सुधारते, याचा अर्थ तिला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त मिळतेय. स्लो जेट काढून पाहिला. तो त्यांनी हवेच्या दाबाने उडवून साफ केला, तार घातली नाही. पितळेच्या त्या छिद्रात तार घातली की छिद्र मोठं होतं, आणि मग आयुष्यभर गाडी जास्त पेट्रोल पिते. जेटमध्ये फारसा कचरा नव्हता. म्हणजे हवा. कुठून तरी चोरून येणारी.

"गाडी हवा घेतेय," हे निदान प्रत्येक मिस्त्री करतो. कुठून घेतेय, हे शोधणारे थोडे. कार्बोरेटरखालचं पॅकिंग, मॅनिफोल्डची जोडणी, डेल्कोकडे जाणारी व्हॅक्युमची नळी या सगळ्या जागा त्यांनी तेलात बुडवलेल्या ब्रशने एकेक करून चाटवल्या. काही ठिकाणी यासाठी पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडणाऱ्याच्या जवळ उभं राहू नये, एवढं मी माझ्या जबाबदारीवर सांगतो. पॅकिंगला तेल लावलं, फरक नाही. नळीला लावलं, फरक नाही. थ्रॉटलची चकती ज्या दांडीवर फिरते तिच्या टोकाला ब्रश टेकवला आणि इंजिन एकदम स्थिर झालं. चार-पाच सेकंद. तेल आत ओढलं गेलं, पुन्हा डगमग. मिस्त्रींनी दांडी चिमटीत धरून हलवून दाखवली. खुळखुळ्यासारखी हलत होती. पस्तीसहून अधिक वर्षं उघडझाप करून तिने आपलं भोक मोठं केलं होतं, आणि त्या फटीतून हवा बिनबोभाट आत शिरत होती. धावताना आत येणाऱ्या हवेच्या लोंढ्यात एवढीशी चोरी कळत नाही. उभ्याने मात्र सगळा हिशेबच एवढ्याशा हवेचा असतो.

पहिल्या गॅरेजच्या पोऱ्याने जे केलं त्याचा अर्थ आता लागला. फुकटची हवा येतेय म्हणून त्याने पेट्रोल वाढवलं, तरी जमेना म्हणून रेस वाढवली.

इलाज लेथवर झाला. कार्बोरेटर सुटा करून मिस्त्री तो पिशवीत घालून रुळांपलीकडे घेऊन गेले. दांडीची भोकं मोठी करून त्यात पितळेचे बुश बसवले, दांडी मापात आणली. तीन दिवस लागले. नवा कार्बोरेटर का नाही, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "डबा नवा मिळतो साहेब, आतलं काय ते गणपती जाणे."

*

पद्मिनीबद्दल चार ओळी सांगायलाच हव्यात, कारण ही गाडी याच रेल्वेमार्गाची आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. आधी अमेरिकन डॉज-प्लिमथ, मग १९५४पासून फियाट ११००, १९६४मध्ये तिचं डिलाइट नावाचं रूप आणि १९७४मध्ये चितोडच्या राणीचं नाव घेऊन पद्मिनी. तिचं उत्पादन २००१च्या सुमारास थांबलं. कंपनीचा दुसरा कारखाना डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्यावर. तिथे नव्वदच्या दशकात पीजो ३०९ बनू लागली आणि काही वर्षांतच बंद पडली. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी त्यापेक्षा चिवट निघाली. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली, वीस वर्षांची मर्यादा भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत आलेले हुंदके वाचून मिस्त्री म्हणाले होते म्हणे, की रडणाऱ्यांपैकी एकाने तरी उन्हाळ्यात तिच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकलं असेल का? मे महिन्यात इंजिनाच्या उष्णतेने पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी भर चौकात बसकण मारायची. जुन्या मालकांच्या डिकीत म्हणूनच पाण्याची बाटली आणि फडकं असे.

*

कार्बोरेटर परत बसला त्या दिवशीची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली. आता फक्त लावायचं राहिलं होतं. इंजिन पूर्ण तापलेलं, चोक पूर्ण उघडा, दिवे-पंखा बंद, हवेचा फिल्टर जागेवर. फिल्टर काढून ठेवून गाडी लावली तर फिल्टर बसवल्यावर सगळं बदलतं. पद्मिनीच्या डॅशबोर्डवर फेऱ्यांचा काटा नसतो. मिस्त्रींकडे टॅकोमीटर होता, पण तो डब्यातच. आधी रेसच्या स्क्रूने वेग जरा चढा ठेवला. मग मिक्श्चरचा स्क्रू हळूहळू आत घेत गेले, इंजिन अडखळू लागलं, तिथून बाहेर सोडत आले. एका जागी आवाज आपोआप चढला आणि गोल झाला. आणखी बाहेर सोडला तर तो जड, ओला व्हायला लागला. परत गोल आवाजाशी. आता वेग जास्त झाला, म्हणून रेस उतरवली. रेस उतरवली की मिक्श्चर पुन्हा तपासायचं. असे तीन-चार फेरे. शेवटी मिक्श्चर त्या गोल जागेपासून किंचित आत, म्हणजे थोडं पातळ. "जिभेला गोड लागतं त्याच्या जरा अलीकडे," ते म्हणाले.

हा शेवटचा केसभर फेरा सरकारसाठी असतो. पीयूसीची पेट्रोल गाडीची चाचणी उभ्या इंजिनावरच होते. सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि गाडी नुसती गुरगुरत ठेवतात. माझ्या गाडीसारख्या जुन्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत माफ आहे. बीएस-४ गाडीला हेच आकडे ०.३ आणि २००. मिश्रण दाट झालं की पहिला आकडा चढतो. पातळ होऊन ठिणगी वाया जायला लागली की पेट्रोल न जळताच बाहेर पडतं आणि दुसरा चढतो. म्हणजे कानाने लावलेली गाडी कागदावरही उतरावी लागते. 'शंभर रुपयां'च्या इलाजानंतर माझी गाडी पहिल्याच आकड्यात नापास झाली होती.

यात अलीकडे एक नवी गुंतागुंत शिरली आहे, तीही उसाच्या रानातून. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी २०३०चं होतं, ते सरकारने २०२५वर आणलं. इथेनॉल आपल्याबरोबर प्राणवायू घेऊन येतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरला तेच मिश्रण पातळ लागतं. नव्या गाडीचा संगणक हे ओळखून पेट्रोल वाढवतो. पद्मिनीला ओळखायला कोणी नाही, तिच्यासाठी स्क्रू थोडा जास्त सोडावा लागतो. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवतो, जुनं रबर फुगवतो, टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ सैल करून जेटपर्यंत आणतो. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना त्याने हात दिला हे खरंच. मिस्त्रींच्या फळीवर मात्र फुगलेल्या डायफ्रामची एक बरणी भरली आहे.

त्यांचा पुतण्या शेजारच्याच गाळ्यात बसतो. त्याच्याकडे येणाऱ्या गाड्यांत स्क्रूच नसतो. २०००च्या आसपास मारुती ८००ला एमपीएफआय इंजिन आलं आणि कार्बोरेटरची सद्दी संपली. आता उभ्याचा वेग संगणक सांभाळतो. एसी लावला, दिवे लावले, की एक छोटी झडप हवा वाढवते. ती काजळीने भरली की तीही गाडी सिग्नलला बंद पडते. पुतण्या स्कॅनर जोडतो, झडप धुतो, संगणकाला वेग पुन्हा शिकवतो. अर्ध्या तासाचं काम. मला वाटलं होतं, काका त्याची टिंगल करतील. त्यांनी केली नाही. "त्याच्या गाड्यांमागे उभं राहून श्वास घेता येतो," एवढंच म्हणाले. मलाही ते नाकारता येत नाही. माझी गाडी लावलेली असली तरी तिला बीएस-४ गाडीच्या साडेसात ते दहा पट घाण माफ आहे. हौस आहे, तिला पुण्य म्हणू नये.

मग त्यांनी एअर फिल्टरच्या झाकणावर स्टीलच्या पेल्यात पाणी ठेवलं. पाण्यावर बारीक वर्तुळं उमटली, काठ मात्र हलला नाही. मी मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला लागलो. तेवढ्यात पत्रा थरथरला आणि पेल्यातलं पाणी उसळून झाकणावर सांडलं.

"कर्जत," मिस्त्री म्हणाले. "फास्ट. परत घ्या."